पाठ लागली ती कशाने? चोपडा तालुक्यातल्या एका घरातलं प्रकरण

तापीकाठचं गाव, चोपडा तालुका. घरात केळीची बाग, थोडा कापूस, दोन म्हशी. घरातले वडीलधारे आबा, वय ७२, माळकरी, बरीच वर्षं मधुमेह. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे त्यांना लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. वाचा मात्र शाबूत राहिली. खासगी दवाखान्यात दहा दिवस काढून त्यांना घरी आणलं आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत माकडहाडावर तळहातभर जखम उभी राहिली. पडून पडून पाठ लागली, म्हणजेच बेडसोअर झाला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या घरात सेवेची कमतरता नव्हती. सून दिवसातून दोनदा अंग पुसायची, आजी उशाशी बसून असायच्या, मुलगा बागेतून आला की आधी बापाजवळ जायचा. तरी पाठ लागली. सगळ्यांचे हात त्वचेवर काम करत होते आणि त्वचेखाली अडकलेल्या वजनाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घरी आल्यानंतरचे दिवस

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर गोळ्या होत्या, साखर तपासायच्या वेळा होत्या, व्यायामाबद्दल दोन ओळी होत्या. कूस कशी आणि किती वेळाने बदलायची, याबद्दल अक्षरही नव्हतं. हे मी अनेक घरांत पाहते आणि दरवेळी वाईट वाटतं. उठता न येणारा माणूस घरी पाठवताना त्याच्या घरच्यांना गादीवर हात धरून हे शिकवायला अर्धा तास पुरतो.

मे महिना होता. पारा ४४-४५ अंशांवर. स्लॅबच्या खोलीत थांबवेना, म्हणून आबांची बाज ओसरीत कूलरसमोर टाकली. नायलॉनच्या पट्टीची जुनी बाज, मधोमध झोळ पडलेली. तिच्यावर कापसाची गादी, गादी खराब होऊ नये म्हणून रेक्झीन, वर चादर. भेटायला येणाऱ्यांशी बोलता यावं म्हणून पाठीमागे उशा रचून आबांना अर्धवट बसतं केलेलं असायचं. दर थोड्या वेळाने ते खाली सरकायचे, मग मुलगा काखेत हात घालून त्यांना वर ओढायचा. लघवीला नळी होती. संडाससाठी डायपर.

पाचव्या-सहाव्या दिवशी सुनेला कमरेखाली लालसर डाग दिसला. घामोळं असेल म्हणून तिने पावडर लावली. शेजारच्या बाईंनी स्पिरिट लावून तेलाने चोळायला सांगितलं. तेही सुरू झालं. डाग जांभळट झाला, वरची कातडी सोलली. मग कुणीतरी स्कूटरची ट्यूब हवा भरून आणून दिली आणि आबांना त्या कड्यावर झोपवलं. आठवडाभराने डाग काळा, कडक, चामड्यासारखा झाला. घरच्यांना वाटलं खपली धरली, आता बरं होईल. त्याच सुमारास ओसरीत वास यायला लागला आणि आबांना ताप भरला. तेव्हा गावातल्या आशाताईंनी (आशा कार्यकर्तीने) मला कळवलं.

आबांना विचारलं, पाठ दुखते का? ते म्हणाले, "नही दुखस." खरंच दुखत नव्हतं. लकव्यात डाव्या अंगाची संवेदना बरीच गेली होती आणि मधुमेहाने पायांची. ज्याला दुखतं तो झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला दुखत नाही त्याच्यासाठी ती कूस दुसऱ्याने बदलावी लागते.

आत काय चाललं होतं

हाड आणि गादी यांच्या मधोमध मांस चेपलं जातं. बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या आसपास मानला जातो. उताण्या झोपलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली दाब त्याहून सहज जास्त होतो. रक्त थांबलं की पेशी उपाशी मरायला लागतात. दाब हाडाजवळ सर्वांत जास्त असल्याने खोल जखमेची सुरुवात बरेचदा आतून होते आणि कातडीवर ती उशिरा दिसते. आबांच्या मुलाला हे समजावताना मी त्याच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं: गाडीत खाली दबलेलं केळं वरून पिवळंधमक दिसतं, सोललं की आतला गर काळा पडलेला असतो. त्याने लगेच मान हलवली. "म्हणजे डाग दिसला तव्हाच उशीर झालेला होता," तो म्हणाला. उशीर झाला होता, पण त्या डागाच्या दिवशी पाठीवरचं वजन काढलं असतं तर बहुधा तिथेच थांबलं असतं.

दाबाला तीन साथीदार मिळाले होते. पहिला म्हणजे सरकणं: अर्धवट बसलेला माणूस खाली घसरतो तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं, मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात. दुसरा घासणं: काखेत धरून ओढलं की कमरेची कातडी चादरीवर खरवडते. तिसरा ओल. रेक्झीनवर घाम जिरत नाही, भिजून मऊ पडलेली कातडी लवकर फाटते.

आणि उपाय म्हणून जे केलं, त्यातल्या बहुतेकांनी भर घातली. लाल भाग चोळल्याने आधीच दुखावलेलं मांस आणखी तुटतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते. ट्यूबचं कडं तर मधला भाग मोकळा ठेवल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात कड्याच्या गोल काठावर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी कमी होतो. ती ट्यूब मी त्याच दिवशी काढायला लावली.

त्या दिवशी काय केलं, काय नाही

ताप, वास, कडेची गरम सुजलेली कातडी आणि आबा थोडे असंबद्ध बोलत होते, एवढ्यावर घरी उपचार करत बसणं धोक्याचं होतं. १०८ ची गाडी बोलावून त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे शल्यचिकित्सकांनी काळा, मेलेला भाग कापून काढला, सलाईनमधून प्रतिजैविकं दिली, इन्सुलिन सुरू केलं. काळं झाकण निघाल्यावर खरी जखम दिसली: साधारण ६ सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल, आणि वरच्या कडेला कातडीखाली आणखी पोकळी. चरबीपर्यंत गेलेली, म्हणजे तिसऱ्या पायरीची. हाड उघडं पडलेलं नव्हतं, हे नशीब.

सून रुग्णालयात ती जखम पाहून भिंतीला टेकून खालीच बसली. तिला वाटलं डॉक्टरांनीच जखम मोठी केली. कापल्याने जखम वाढत नाही. जी आत होती ती उघडी होते, आणि मेलेलं मांस आत असेपर्यंत ती भरूनच येत नाही. हे घरच्यांना कापण्याच्या आधी सांगायला हवं.

डाव्या टाचेवरही जांभळा डाग होता, पुढे तो सुकून काळी, कोरडी, घट्ट खपली झाली. ती मात्र कापली नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या टाचेला रक्त कमी पोचत असेल तर उघडी केलेली जखम भरत नाही. पायाच्या नाड्या तपासून, खपली कोरडी आहे, लाली-पू-वास नाही, एवढं पाहून डॉक्टरांनी ती तशीच ठेवली. पोटरीखाली लांब उशी देऊन टाच हवेत मोकळी. एका अंगावरच्या दोन जखमा, दोघींना वेगळा न्याय. इंटरनेटवर एकच उपाय वाचून दोन्हीकडे लावला असता तर पाय गमावायची वेळ आली असती.

वजन उचलणं

आठवड्याने आबा घरी आले आणि खरं काम सुरू झालं. बाज ओसरीतून काढून मुलाने लाकडी पलंग आणला, पायांखाली विटा देऊन सुनेच्या कमरेच्या उंचीवर घेतला. नाहीतर वाकून वाकून तिचीच कंबर गेली असती. रेक्झीन काढलं. हवेची गादी, ज्यात मोटरने आळीपाळीने कप्पे फुगतात, ती दोन-चार हजारांत मिळते. मुलाने आणली. पण ती टाकल्यावर घरात सगळे निर्धास्त झाले होते, आता कूस बदलायची गरज नाही म्हणून. गादी मदत करते, कूस बदलणं थांबवत नाही.

मी मुलाला गादी तपासायला शिकवलं. आबा झोपलेले असताना तळवा वर करून हात हवेच्या गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकवायचा. हाताला हाडाचा टोचता भार लागला, मध्ये बोटभर जाडीचीही हवा नसली, तर गादी निकामी. पहिल्याच वेळी त्याच्या हाताला हाड लागलं. मोटरचा दाब वजनाप्रमाणे लावलेलाच नव्हता. शिवाय सुनेने काळजीपोटी वर दोन गोधड्या घातल्या होत्या. त्या काढून एकच पातळ सुती चादर ठेवली. वीज गेली की काही गाद्या बसतात, म्हणून मोटर इन्व्हर्टरवर जोडली. तिला वीज फार थोडी लागते.

कूस म्हणजे अगदी आडवं एका अंगावर झोपवणं नाही. तसं केलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो आणि नवी जखम तिथे होते. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं करायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि मग माकडहाडाखाली हात घालून पाहायचं: हात मोकळा फिरला पाहिजे. आबांच्या बाबतीत जखम भरेपर्यंत उताणं झोपणं बंदच. डावी-उजवी, डावी-उजवी. डाव्या, लुळ्या खांद्यावर भार पडू नये म्हणून हात पुढे ओढून उशीवर ठेवायचा.

उचलायला आजींचं जुनं लुगडं कामी आलं. चौघडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घातलं. दोन बाजूंनी दोघांनी धरून उचलायचं, ओढायचं नाही. सून आणि आजी मिळून ५२ किलोचा माणूस सरकवू लागल्या.

वेळांचा प्रश्न वेगळाच होता. दर दोन तासांनी असं सांगितलं की सगळे हो म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी रात्री दोनला कुणीच उठत नाही. म्हणून घरातल्या रोजच्या कामांना वेळा बांधल्या: पहाटेची धार, सकाळचा चहा, न्याहारी, पूजा, जेवण. रात्रीचं कोडं मुलाने सोडवलं. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, केळीला पाणी द्यायला तो तसाही उठायचा. जाताना एक कूस, आल्यावर दुसरी. वीज दिवसाची झाली त्या आठवड्यात नातवाने मोबाइलचा गजर लावला. चांगल्या गादीवर, कातडी लाल राहत नाही अशी खात्री झाल्यावर, रात्रीचं अंतर आम्ही थोडं वाढवलं. सुनेची झोपही उपचाराचाच भाग आहे. ती आजारी पडली तर सगळी घडी विस्कटते.

प्रत्येक कुशीबरोबर कातडी पाहणं आलं. लाल भागावर बोट तीन सेकंद दाबून उचलायचं. पांढरं पडून परत लाल झालं तर रक्त फिरतंय. लालीच राहिली तर ती पहिली पायरी, तिथे आता अजिबात भार नको. आबांसारख्या सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताची पालथी बाजू लावून पाहायची: शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का, गार लागते का, घट्ट की पिचपिचीत, रंग जास्त गडद की जांभळट. सुनेला हे लवकर जमलं.

जेवताना बसवायचं, जखमेसाठी झोपवायचं

इथे दोन गरजा एकमेकींवर आल्या. लकव्यानंतर गिळणं कच्चं असतं. झोपवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना ताठ बसणं आणि नंतर अर्धा तास तसंच राहणं गरजेचं. पण पलंगावर बसवलं की घसरणं आणि माकडहाडावर ताण. मधला मार्ग म्हणून जेवणापुरतं हाताच्या खुर्चीत बसवायचं ठरलं: जाड फोमची गादी, ढुंगण पार मागे टेकलेलं, पाय पूर्ण जमिनीवर. नीट बसलं की भार माकडहाडावरून मांड्यांवर येतो. एकूण तासाच्या आत, मध्ये मध्ये पुढे झुकवून भार मोकळा करायचा, आणि मग थेट कुशीवर. पाणी पिताना ठसका लागायचा, म्हणून चमच्याने, हनुवटी थोडी खाली घेऊन.

आबा खात काय होते? चहा-खारी, साबुदाण्याची पेज, वरणाचं पाणी. जखम भरायला मांस तयार व्हावं लागतं आणि त्याला प्रथिनं लागतात: अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम. ५२ किलोला म्हणजे किमान ६५ ग्रॅम. वरच्या पाण्यात ती जवळजवळ नसतात, खाली बसलेल्या डाळीत असतात. मूत्रपिंड ठीक असल्याचं रक्ततपासणीत पाहून आहार बदलला. माळकरी घर, अंडी नाहीत. त्याची अडचण झाली नाही. पाऊण लिटर दूध आणि दही मिळून सुमारे २४ ग्रॅम, दिवसभरात शंभर ग्रॅम डाळ-कडधान्य म्हणजे आणखी २४, मूठभर शेंगदाण्याचा बारीक कूट ८, भाकरीचे १० च्या आसपास. फुणके, म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, कढीत कुस्करून आबा आवडीने खायचे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दुधात मऊ भिजवून. शेवभाजीचा हट्ट त्यांनी दोनदा केला. रस्सा मऊ भाकरीवर थोडा दिला, मन राखायला. केळ्याच्या घरात केळं मोजून द्यावं लागलं, साखरेमुळे.

जखम धुणं आणि झाकणं

जखमेत काय घालायचं हा प्रत्येक घरातला पहिला प्रश्न, आणि माझ्या मते तो तिसरा-चौथा असायला हवा. सलाईनने, किंवा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ घालून धुवायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. कुणी हळद, कुणी कडुलिंबाचा पाला, कुणी राख सुचवली. हे खोल जखमेत जाऊ दिलं नाही. "उघडी ठेवा, वारं लागू द्या, सुकेल," हा सल्ला देणाऱ्यांची तर रांग होती. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवून दिलं की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी सुकलेल्या जखमेपेक्षा लवकर चढते. उघड्या जखमेवर आपल्याकडे माश्याही बसतात, आणि त्यांनी अंडी घातली की अळ्या.

पोकळीत ओलसर गॉज सैल भरायचं, कोंबायचं नाही. कोंबलं तर आतून पुन्हा दाबच. वासासाठी डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड पहिले काही दिवस जखमेवर टाकायला सांगितली, वास आटोक्यात आला. वासाचं मी मुद्दाम लिहिते आहे. वासामुळे लोक ओसरीवरूनच परत जायला लागले होते आणि आबांना ते कळत होतं. वास गेला तेव्हा ते जास्त जेवायला लागले.

संडास झाली की लगेच साध्या पाण्याने धुवून, टिपून कोरडं, वर झिंकच्या मलमाचा पातळ थर. चोळायचं नाही. लघवीची नळी मांडीखाली दबणार नाही हे दर कुशीला पाहायचं.

बोलणी

सुरतेहून लेक आली. नवरा तिथे कापडाच्या कारखान्यात, सुट्टी मिळायला वेळ लागला होता. जखम पाहून ती वहिनीवर भडकली, दोघींचं बोलणं बंद झालं. आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमनी सेवामा काय कमी पडनं?"

मी लेकीला पुढच्या ड्रेसिंगला सोबत घेतलं आणि लुगड्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. आबांना कुशीवर घेताना किती बळ लागतं आणि दिवसातून ते किती वेळा लागतं, हे तिला त्या एका खेपेत कळलं. मी तिला सांगितलं की वहिनीने जे केलं ते प्रेमानेच केलं. काय करायचं हे सांगायची जबाबदारी आमची, आरोग्याच्या कामातल्या माणसांची होती. बेडसोअरला घरात लाज चिकटते, म्हणून तो लपवला जातो. या घरातही पहिले काही दिवस सुनेने सासऱ्यांची पाठ कुणाला दाखवली नव्हती. ती लाज नसती तर तो डाग आशाताईंनी दोन आठवडे आधी पाहिला असता.

लेक दहा दिवस राहिली. रात्रीची कूस तिने घेतली.

पुढे

दर आठवड्याला कागदी पट्टीने जखम मोजली, त्याच जागी त्याच उजेडात फोटो काढला. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही आणि माणसं धीर सोडतात. फोटो शेजारी ठेवले की दिसतो. पहिल्या महिन्यात लांबी-रुंदी जवळपास तीच राहिली, पिवळा थर गेला आणि तळ लाल, दाणेदार झाला. तीच खरी प्रगती होती. श्रावणात पोकळी भरली. मध्ये गणपतीत पाहुण्यांच्या गर्दीत कुशी चुकल्या आणि कडेला पुन्हा जांभळी छटा आली. दोन दिवस वेळा काटेकोर पाळल्यावर ती गेली. दिवाळीला जखम मिटली. टाचेची खपली संक्रांतीच्या सुमारास आपोआप सुटली, खाली कोवळी कातडी होती.

मिटलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांच्या वर कधी जात नाही, तीही सावकाश येते. म्हणून आबांच्या कुशी चालूच आहेत. फिजिओथेरपीने ते आता आधाराने उभे राहतात, दिवसातला जास्त वेळ खुर्चीत असतात. म्हणजे धोक्याची जागा माकडहाडावरून बैठकीच्या हाडांकडे सरकली आहे. गेल्या भेटीत खुर्चीतल्या फोमच्या गादीवर हात दाबून पाहिला तर ती मधोमध चपटी झाली होती. मुलाला नवी आणायला सांगितलं आहे, आणि ती येईपर्यंत बसण्याची वेळ अर्ध्या तासावर आणली आहे.